३ वाजून ३६ मिनिटं : पिट्सबर्गच्या भिंतीपाशी

१३ ऑक्टोबर १९६० ला पिट्सबर्गमध्ये बेसबॉलची एक मॅच झाली. ज्या मैदानावर ती झाली, ते फोर्ब्ज फील्ड १९७१ मध्ये पाडलं. बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा उरलाय. दरवर्षी त्या तारखेला लोक या भिंतीपाशी जमतात, दुपारी एक वाजता त्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंट्री लावतात आणि अडीच तास बसून ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ आहे, तरी ऐकतात.

हे मला माझ्या नातीनं सांगितलं. ती अकरा वर्षांची आहे, ओहायोत कोलंबसला राहते आणि शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. मी पुण्यात तीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. बँकेतून सुटलो की शनिवार-रविवार मैदानावर, मांडीवर स्कोअरबुक. लेकीकडे गेलो तेव्हा नातीच्या मॅचचं स्कोअरिंगही तिच्याकडूनच शिकून घेतलं. तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पिट्सबर्गला न्यायलाच पाहिजे." ऑक्टोबरात लेक, नात आणि मी असे तिघं निघालो.

पहिला दिवस, ११ ऑक्टोबर

कोलंबसहून पिट्सबर्ग गाडीनं तीन तासांवर. रस्ता सरळ आणि निवांत. शेवटी फोर्ट पिट बोगदा लागतो. बोगद्यात शिरेपर्यंत नुसत्या टेकड्या दिसतात, आणि बाहेर पडता क्षणी समोर अख्खं शहर उभं राहतं: दोन नद्या मिळून तिसरी होते तो संगम, उंच इमारती आणि एकामागून एक पिवळे पूल. लेकीनं मला मुद्दाम आधी काही सांगितलं नव्हतं. मी "अरे!" एवढंच म्हणालो.

सामान टाकून थेट ओकलंड भागात गेलो. इथं पिट्सबर्ग विद्यापीठ आहे आणि फोर्ब्ज फील्ड इथंच होतं, १९०९ पासून १९७० पर्यंत. आता त्या जागेवर विद्यापीठाच्या इमारती आहेत. त्यातल्या पॉस्वर हॉल नावाच्या इमारतीत तळमजल्यावर जमिनीत एक काच बसवलीय आणि काचेखाली होम प्लेट आहे. बॅटर जिच्यापाशी उभा राहतो ती पांढरी, पाच कोनांची पाटी. मुलं पाठीला दप्तरं लावून तिच्यावरून वर्गात जात-येत होती. नात तिथं पायाची ठेवण करून, हातात नसलेली बॅट धरून उभी राहिली. एक विद्यार्थी थांबला, त्यानं लांबूनच चेंडू टाकल्यासारखा हात फिरवला, नातीनं बॅट फिरवली, आणि तो मान वर करून आकाशात गेलेला चेंडू बघत राहिला. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत.

तिथून रस्ता ओलांडला की भिंत. लाल विटांची, अंगावर वेली चढलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगात ४५७ आणि ४३६ असे आकडे आहेत. होम प्लेटपासून भिंतीपर्यंतचं अंतर, फुटांत. ४५७ फूट म्हणजे जवळजवळ १४० मीटर! आपल्याकडच्या सीमारेषा साधारण ७०-८० मीटरच्या, हे लक्षात घेतलं की या मैदानाचा पसारा कळतो. जुना ध्वजस्तंभही तिथंच उभा आहे. बेब रुथ या दिग्गजानं कारकिर्दीतले शेवटचे तीन होमरन (थेट भिंतीपार जाणारे फटके) याच मैदानावर मारले, २५ मे १९३५ ला, एकाच मॅचमध्ये. त्यातला शेवटचा त्याचा ७१४ वा.

मी विटांवर हात ठेवला. ऊन असूनही गार होत्या.

समोरच 'कॅथीड्रल ऑफ लर्निंग' ही विद्यापीठाची ४२ मजली दगडी इमारत आहे. तिच्यात जगातल्या वेगवेगळ्या देशांच्या नावानं सजवलेल्या वर्गखोल्या आहेत. भारताची खोली नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर केलीय. विटांचे खांब, विटांच्या भिंती. एका दुपारी दोन प्रकारच्या विटा पाहिल्या.

*जाणाऱ्यांसाठी:* होम प्लेट पाहायची तर कामकाजाच्या दिवशी जा, इमारत उघडी असते आणि कुणी अडवत नाही. ओकलंडमध्ये रस्त्यावर पार्किंग मिळणं कठीण, सरळ विद्यापीठाच्या पार्किंग इमारतीत गाडी लावा.

रात्री पिएरोगी खाल्ल्या. पोलंड-स्लोव्हाकियातून पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी हा पदार्थ इथं आणला. मैद्याच्या पारीत कुस्करलेला बटाटा आणि चीज भरून, करंजीसारखी मुडपून, आधी उकडून मग लोण्यात परततात, वर तांबूस परतलेला कांदा. वाढणाऱ्या बाईंना मी सांगितलं की आमच्याकडेही असंच भरून, मुडपून करतात, फक्त आत बहुधा गोड असतं. त्यांनी विचारलं, "मुडप कशी घालता?" मी पेपर नॅपकिनवर घडी घालून दाखवली. त्यांनी नॅपकिन ठेवून घेतला.

दुसरा दिवस, १२ ऑक्टोबर

सकाळी धुकं आणि बोचरा वारा. लॉरेन्सव्हिल भागात अग्निशमन दलाच्या एका जुन्या इमारतीत रोबेर्तो क्लेमेंतेचं म्युझियम आहे. आधी वेळ ठरवूनच जावं लागतं आणि माहिती सांगणारा माणूस बरोबर फिरतो. लेकीनं दोन आठवडे आधी बुकिंग केलं होतं.

क्लेमेंते पोर्तो रिकोचा. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. रंगानं काळा, भाषा स्पॅनिश, त्यामुळे सुरुवातीची वर्षं त्याला दुहेरी जाच झाला. वर्तमानपत्रं त्याचं मोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापून त्याची टिंगल करायची. ३० सप्टेंबर १९७२ ला त्यानं कारकिर्दीतला ३००० वा हिट, म्हणजे बेस (धावताना गाठायचा टप्पा) सुखरूप गाठून देणारा फटका, मारला. मोसमाची अखेर होती, नियमित मोसमातला तो त्याचा शेवटचा हिट ठरला. डिसेंबरात निकाराग्वात मानाग्वा शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं. मदत नीट पोचत नाही असं कळल्यावर ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः सामानाच्या विमानात बसला. उड्डाण झाल्या झाल्या विमान समुद्रात पडलं. तो ३८ वर्षांचा होता. त्याचा देह मिळाला नाही. संघातला त्याचा जिवलग मित्र मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला गेला नाही, तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्याला शोधत होता.

हे ऐकताना नात माझ्या कोटाची बाही धरून उभी होती.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. १९७१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या विजेतेपदाची मालिका, पायरेट्सनी जिंकली, क्लेमेंते सर्वोत्तम खेळाडू ठरला. टीव्हीवर सगळा देश बघतोय, समोर माइक आलाय, आणि तो आधी स्पॅनिशमध्ये बोलला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी माझ्या मुलांना माझा आशीर्वाद, आणि आईवडिलांनी मला आशीर्वाद द्यावा, असं. ज्यांनी त्याच्या इंग्रजीची टिंगल केली त्यांच्यासमोर त्यानं आपल्या भाषेत आईवडिलांना नमस्कार केला. माझी बायको आज असती तर तिला हे सांगायला मी तिथूनच फोन लावला असता.

म्युझियमपासून जवळच ॲलेगेनी दफनभूमी आहे. तिथं जॉश गिब्सनची कबर आहे. काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, घेत नव्हते तेव्हा त्यांच्या स्वतंत्र 'नीग्रो लीग' होत्या, आणि त्यातले दोन अत्यंत बलाढ्य संघ याच परिसरातले: होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. गिब्सन दोन्हीकडून खेळला. कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, आणि तुफान फटके मारणारा. २० जानेवारी १९४७ ला तो ३५ व्या वर्षी गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला आणि दार उघडलं. गिब्सनच्या कबरीवर १९७५ पर्यंत साधा दगडही नव्हता. २०२४ मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत (हिट भागिले फलंदाजीच्या संधी) गिब्सन .३७२ नं सर्वांत वर आला. टाय कॉबचे .३६७ कित्येक दशकं पहिले होते.

मी स्कोअरर आहे, म्हणून हे जरा ठासून सांगतो. गिब्सननं फटके मारले तेव्हाही कुणीतरी मैदानाच्या कडेला बसून ते लिहून घेत होतं. त्या नोंदी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक करून शोधून जुळवणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून हा आकडा उभा केला. कबरीवरचा दगड छोटा, जमिनीलगत आहे. त्यावर कुणीतरी बेसबॉलचे दोन चेंडू ठेवले होते, पावसानं फुगलेले, शिवण उसवलेली. मी वहीत .३७२ लिहिलं आणि खाली तारीख घातली.

दुपारी स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये प्रिमँटीचं सँडविच. १९३३ पासूनचं हे दुकान तळलेला बटाटा आणि कोबीची कोशिंबीर सँडविचच्या आतच भरून देतं. आम्ही अंडं आणि चीजचं घेतलं. एकात दोघांचं भागतं.

मग रोबेर्तो क्लेमेंते पुलावरून चालत नदीपलीकडे पीएनसी पार्क या आताच्या मैदानाकडे गेलो. मॅचच्या दिवशी हा पूल गाड्यांना बंद करतात आणि लोक चालत जातात. मोसम संपला होता, आत जाता आलं नाही, पण पुतळे बाहेरच आहेत. उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, क्लेमेंतेच्या जर्सीचा नंबर २१ म्हणून. बिल मॅझरोस्कीचा पुतळा टोपी हातात उंचावून धावतोय.

या मॅझरोस्कीसाठीच आम्ही आलो होतो. तो सेकंड बेसवर खेळायचा आणि खरा नावाजलेला होता तो क्षेत्ररक्षणासाठी. चेंडू हातात आला कधी आणि फेकला कधी ते कळायचं नाही. सेकंड बेसमन म्हणून १७०६ डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघं बाद) हा त्याचा विक्रम. २००१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तो भाषण लिहून घेऊन उभा राहिला, क्षेत्ररक्षणालाही इथं जागा आहे याचा आनंद आहे असं म्हणाला, आणि त्याचा गळा दाटून आला. कागद बाजूला ठेवून, आभार मानून तो खाली बसला. समोर बसलेले जुने खेळाडू उभं राहून टाळ्या वाजवत होते. एकनाथ सोलकरांना फॉरवर्ड शॉर्ट लेगला बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* शहराचा मध्यभाग आणि मैदानाची बाजू यांमधला लोकल रेल्वेचा प्रवास फुकट आहे. संध्याकाळी डुकेन इनक्लाइननं टेकडीवर जा. १८७७ पासून चालू असलेला लाकडी डबा तारेवर ओढत वर नेतात. वर वारा फार असतो, कानटोपी हवीच.

तिसरा दिवस, १३ ऑक्टोबर

साडेअकरालाच भिंतीपाशी पोचलो. ऊन लख्ख, हवेत गारवा. लोक घडीच्या खुर्च्या, थर्मास, ब्लँकेटं घेऊन येत होते. बहुतेकांच्या डोक्यावर काळ्या-पिवळ्या टोप्या, पुष्कळ जण सत्तरीपुढचे. ही प्रथा १९८५ मध्ये एका माणसानं सुरू केली. तो एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन ध्वजस्तंभाच्या पायथ्याशी बसला आणि कॉमेंट्री ऐकून घरी गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. हळूहळू लोक जमायला लागले. २०१० मध्ये पन्नासाव्या वर्षी स्वतः मॅझरोस्की आणि त्याचे जुने सहकारी इथं आले होते.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. १९६० मध्ये त्या शाळेत होत्या. वर्गावर नन शिकवायच्या, अतिशय कडक. त्या दिवशी ननबाईंनी स्वतः टेबलाच्या खणातून रेडिओ काढला आणि व्याकरणाचं पुस्तक बंद केलं. "तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यांनाही काही आवडतं," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला एक उंच गृहस्थ. ते तरुणपणी चार मोसम मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या पातळीवर, कॅचर होते, वर मात्र पोचले नाहीत. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. मधलं बोट पहिल्या पेरापाशी बाहेर वळलेलं, करंगळी आडवी, अंगठ्याचं नख दुभंगलेलं. प्रत्येक बोटाचा त्यांना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आठवत होता. "हे बोट डावखुऱ्याचं," मधल्या बोटाकडे बघून ते म्हणाले, "चेंडू आत येईल असं वाटलं, तो खाली गेला." रात्र-रात्र बसनं प्रवास, बसच्या खिडकीत वाळत घातलेले मोजे, पहाटे तीनला उघडं असलेलं एखादं हॉटेल, हे ते इतक्या मायेनं सांगत होते की मला आमचे आंतरजिल्हा सामने आठवले. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी लगेच रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं नाव काढलं. उत्तर प्रदेशातली ही दोन भालाफेक करणारी मुलं, टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडली गेली आणि २००८ मध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत तीही पोचली नाहीत. "मायनरमध्ये खेळले म्हणजे ते माझे भाऊ," असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला.

बरोबर एक वाजता रेडिओ सुरू झाला. मी स्कोअरशीट उघडलं. ही पद्धत बसवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आणि क्रिकेटचा वार्ताहर होता. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला की, के लिहायचं हेही त्याचंच. तेव्हा पेन हातात घेताना परकं वाटलं नाही.

मॅच थोडक्यात सांगतो. १९६० च्या वर्ल्ड सिरीजची ही सातवी, निर्णायक मॅच. समोर न्यूयॉर्क यँकीज, मिकी मँटल आणि योगी बेरा यांचा संघ. पहिल्या सहा सामन्यांत यँकीजनी एकूण ४६ धावा केल्या, पायरेट्सनी १७, तरीही तीन-तीन अशी बरोबरी, कारण यँकीज जिंकले ते प्रचंड फरकानं आणि हरले ते थोडक्यात. सातव्या सामन्यात पायरेट्स आधी ४-० पुढे. मग बेराचा तीन धावांचा होमरन, यँकीज ५-४. आठव्या डावाच्या मध्यावर (मॅच नऊ डावांची) ७-४. इथपर्यंत लोक आपापसात बोलत, खात-पीत ऐकत होते.

मग बिल व्हर्डननं जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे) उभ्या टोनी कुबेककडे गेला. हमखास डबल प्ले. पण चेंडूला भलताच टप्पा पडला आणि तो कुबेकच्या गळ्यावर आदळला. सगळ्या घोळक्यातून "आ" असा आवाज आला, जणू आत्ताच लागलं. त्यानंतर कुणी बोललं नाही. क्लेमेंतेनं एक हलकासा चेंडू मारला आणि तो जीव तोडून पळाला, पिचर बेसवर यायला चुकला. ७-६. हॅल स्मिथचा होमरन, ९-७. लोक खुर्च्यांतून उठले. नवव्या डावात यँकीजनी दोन धावा काढून ९-९. लोक बसले.

साडेतीन वाजले. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चेंडू जिथून भिंतीपार गेला ती जागा आता फुटपाथमध्ये एका पाटीनं दाखवलीय. बॅट घेऊन मॅझरोस्की, पिचर राल्फ टेरीचा दुसरा चेंडू. बॅटचा आवाज. आणि शेपन्नास माणसांनी एकदम माना वर केल्या. ३ वाजून ३६ मिनिटं.

कॉमेंटेटर चक टॉम्सन त्या क्षणी इतका भारावला की त्यानं पिचरचं नाव चुकीचं सांगितलं, आर्ट डिटमार म्हणाला, आणि निकाल दहा-शून्य सांगून मग सुधारला. या दोन्ही चुका इथं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. सगळे त्याच्याबरोबर मोठ्यानं "डिटमार" म्हणाले, "टेन टू नथिंग" म्हणाले, आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. आजी रडत होत्या. मी टेरी असं नीट लिहिलं आणि १०-९ खाली दोन रेघा ओढल्या.

मग ताळा करायला बसलो. दोन्ही संघांच्या पानांवर एकही के नव्हता. वर्ल्ड सिरीजमध्ये स्ट्राइकआउटविना झालेली ही एकमेव मॅच. कॅचर गृहस्थांनी माझं पान त्यांच्या पानाशी ताडून पाहिलं. एका नोंदीत फरक निघाला. कुबेकच्या चेंडूला मी चूक धरली होती, त्यांनी हिट. अधिकृत नोंदही हिटचीच आहे. "टप्प्याची चूक माणसावर कशी लावणार?" ते म्हणाले. पटलं. मी खोडून दुरुस्त केलं आणि शेजारी त्यांची सही घेतली.

निघताना आजींनी विचारलं, "तुमच्या देशातली कुठली मॅच तुम्ही अशी ऐकाल?"

मला विचार करावा लागला नाही. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात गणपती बसला होता, मोदकांचा वास येत होता आणि चौकात रेडिओभोवती सगळी बिऱ्हाडं. कॉमेंट्री इंग्रजीत, शेजारचे काका ती वाक्यावाक्याला मराठी करून बायकांना सांगत होते. इंग्लंडमध्ये इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं. मी तेरा वर्षांचा होतो. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडे लोक कुठे जमतात?"

कुठेच जमत नाहीत, हे सांगताना मला वाईट वाटलं. खरोखर वाईट वाटलं.

*जाणाऱ्यांसाठी:* बारापर्यंत पोचा, स्वतःची खुर्ची न्या, पाऊस असला तर छत्री. प्रवेशाला पैसे नाहीत. लोक आपणहून बोलतात, विचारायला संकोच नको.

परत निघालो तेव्हा सूर्य खाली गेला होता. गाडी पुन्हा फोर्ट पिट बोगद्यात शिरली, शहर मागे एकदम नाहीसं झालं. मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आजोबा, ओव्हलला जिंकायचा रन कुणी काढला?"

"अबिद अलीनं. चौकार मारला."

"आणि कॅप्टन काय करत होता?"

"वाडेकर? ते ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. उठवून सांगावं लागलं."

ती खूप हसली. मग म्हणाली, "असं शेवटाकडून नको. पहिल्यापासून, नीट, एकेक विकेट." लेकीनं गाडीतलं गाणं बंद केलं. पुढे तीन तासांचा रस्ता होता. मी इंग्लंडच्या दुसऱ्या डावापासून सुरुवात केली: चंद्रशेखर गोलंदाजीला, लकहर्स्टनं चेंडू समोर मारला, तो चंद्राला लागून स्टंपवर गेला, आणि पलीकडचा जेमसन क्रीजच्या बाहेर होता.